घरी येणाऱ्या काळजीवाहकाच्या कामाचा दर्जा ओळखायचा कसा?

प्रश्न

माझ्या आईचे वय ८४ आहे. खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ती व्यवस्थित पारही पडली, परंतु त्यानंतर आईचे चालणे पूर्वीसारखे झाले नाही. गेले सात महिने दिवसाचे बारा तास आम्ही एजन्सीकडून येणाऱ्या मदतनीस बाईंवर विसंबून आहोत आणि एवढ्या काळात चार जणी बदलून झाल्या. सध्याच्या बाई बोलायला अतिशय गोड आहेत, वेळेवर येतात, खोली नीटनेटकी ठेवतात आणि जाताना वहीत सुवाच्य अक्षरात ‘जेवण झाले, औषधे दिली, सर्व ठीक’ असे लिहून जातात.

गेल्या रविवारी त्यांची सुट्टी असल्यामुळे आईचे अंग मी स्वतः पुसले, तेव्हा माकडहाडापाशी बोटाच्या पेराएवढा काळपट, हाताला कडक लागणारा डाग दिसला. तो एका दिवसात झालेला नव्हता, हे माझ्यासारख्या अनभिज्ञ व्यक्तीलाही कळले. वही मागे चाळून पाहिली, तर एकवीस दिवस सलग ‘सर्व ठीक’.

बाईंवर आरोप करावा असे मला वाटत नाही, कारण आईच्या पाठीकडे पाहायचे असते हे मीही त्यांना कधी सांगितले नव्हते. माणूस ठेवताना मी स्वभाव पाहिला, प्रमाणपत्र पाहिले. काम मात्र कसे पारखायचे हे मला ठाऊकच नव्हते. नोकरी सांभाळून मला आईजवळ सलग तासभरच बसता येते. तेवढ्या वेळात नेमके काय पाहावे?

प्रतिसाद १ (निवृत्त परिचारिका)

प्रथम त्या डागाविषयी, कारण ते काम उद्यावर टाकण्यासारखे नाही. डाग बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर फिकट होऊन पुन्हा रंग भरला तर तिथला रक्तप्रवाह अजून शाबूत आहे. रंग जराही हलला नाही तर ती शय्याव्रणाची, म्हणजे आपण ज्याला बेडसोर म्हणतो त्याची, पहिली पायरी समजावी. गोऱ्या त्वचेवर या पायरीला लाली दिसते, सावळ्या त्वचेवर ती सहसा दिसत नाही आणि आजूबाजूपेक्षा गडद, गरम किंवा कडक लागणारा भाग हीच खूण असते. तुमच्या हाताला तेच लागले आहे. आजच डॉक्टरांना दाखवा, त्या जागेवर भार येऊ देऊ नका आणि तिथे मुळीच चोळू नका. मालीश केल्याने बरे वाटेल अशी समजूत सर्वत्र आहे, पण आतल्या दबलेल्या पेशींना त्याने इजाच होते. मधोमध भोक असलेली गोल उशीही टाळावी, कारण तिच्या कडेवर दाब साचतो.

आता तुमचा प्रश्न. चांगल्या काळजीवाहकाचे काम तिच्या वागण्याआधी तुमच्या आईच्या शरीरावर दिसते. माकडहाड, टाचा, खुब्याच्या बाजू आणि डोक्याची मागची बाजू आठवड्यातून दोनदा तरी तुम्ही स्वतः पाहा. टाचा गादीला टेकलेल्या असतील तर पोटरीखाली उशी सरकवून त्या अधांतरी ठेवायला सांगा. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी, असा जुना प्रघात आहे. प्रत्येकाच्या त्वचेप्रमाणे हा अवधी कमीजास्त करावा लागतो, पण कूस बदलल्याची वेळ आणि बाजू वहीत लिहिलेली असलीच पाहिजे.

त्यानंतर एकदा समोर उभे राहून बाई आईंना पलंगावरून खुर्चीत कसे बसवतात ते पाहा. काखेत हात घालून वर ओढत असतील तर ताबडतोब थांबवा, कारण या वयात खांद्याचा सांधा तेवढा ताण सोसत नाही. कामाची जाण असलेली बाई आधी खुर्ची जवळ आणते, चाकांना खीळ घालते, आईचे पाय जमिनीवर टेकवते, काय करणार आहोत ते सांगते आणि आईने स्वतः जोर लावण्याची वाट पाहते. ही वाट पाहणेच मला सर्वांत मोलाचे वाटते. घाईत असलेली बाई सगळे स्वतःच उरकते आणि घरच्यांना ती कामसू वाटते. वृद्ध व्यक्तीच्या हातापायांतली उरलीसुरली शक्ती मात्र त्यातच जाते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील स्नायू जवळपास एक किलोने घटले होते. आजारी माणसाचे काय होत असेल, याचा विचार करा.

भरवताना आई ताठ बसलेली आहे ना, घास गिळून झाल्यावरच पुढचा घास दिला जातो ना आणि जेवणानंतर किमान अर्धा तास तिला आडवे केले जात नाही ना, एवढे पाहा. खाताना ठसका लागणे किंवा नंतर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा होणे या खुणा जी बाई आपणहून सांगते, तिला सोडू नका.

प्रतिसाद २

माझे वडील चार वर्षे अंथरुणाला होते, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. वरील गोष्टी अचूक आहेत, परंतु रोज ताशी पाहणी केल्यासारखे मागे उभे राहिलात तर याही बाई निघून जातील. आम्ही कॅमेरा बसवला होता आणि ती चूक होती असे आज वाटते. अंग पुसताना आणि डायपर बदलतानाही आपल्यावर डोळा आहे, हे वडिलांना बाईंपेक्षा अधिक लागले. त्याऐवजी महिन्यातून एकदा आम्ही बार्थेल निर्देशांकाचा, म्हणजे रोजची कामे स्वतःहून किती जमतात हे मोजणारा, तक्ता भरत असू. १९६५ पासून वापरात असलेल्या या तक्त्यात खाणे, कपडे घालणे, शौचालयात जाणे, चालणे अशा दहा बाबींना मिळून १०० गुण असतात. वडिलांचे गुण ४५ वरून ३० वर आले, तेव्हा आजार बळावला असेच आम्ही धरून चाललो होतो. नंतर उलगडा झाला की नव्या मदतनिसांनी सोयीसाठी त्यांना सकाळी खुर्चीत बसवणेच बंद केले होते. वहीत अर्थातच ‘सर्व ठीक’ होते.

प्रतिसाद ३ (नऊ वर्षे हेच काम करणारी)

ताई, ‘सर्व ठीक’ का लिहिले जाते ते मी सांगते. एका घरी मी वहीत ‘आजोबा आज दुपारपासून असंबद्ध बोलत आहेत, लघवी कमी झाली आहे’ असे लिहिले होते. घरच्यांनी ते वाचले आणि एजन्सीला फोन करून विचारले की बाईंना पेशंट सांभाळता येत नाही का. दोन दिवसांनी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. मूत्रमार्गाचा संसर्ग होता. वृद्धांना ताप न येताही संसर्ग होतो आणि एकाएकी भ्रमिष्टासारखे वागणे ही त्याची पहिली खूण असू शकते, हे मला कुणी शिकवले नव्हते, पाहून पाहून कळले होते. त्या घरी त्यानंतर मी ‘सर्व ठीक’ एवढेच लिहीत असे.

तुमच्या बाईंना डाग दिसला नसेल, किंवा दिसूनही भीतीने सांगितला नसेल. या दोहोंतला फरक तुम्हीच विचारून काढू शकता. तसेच आईंना एकटीने कुशीवर वळवणे किती जड जाते, वळवणे सोपे करणारी सरकती चादर आहे का, पलंगाची उंची कमीजास्त होते का, हेही विचारा. माझ्या ओळखीच्या निम्म्या बायकांची कंबर चाळिशीतच गेली आहे. कमरेला जपणारी बाई कूस बदलायचे टाळते आणि त्यात तिचे मन वाईट नसते. आणखी एक, बारा तासांत तिला निवांत बसून जेवायला वेळ मिळतो का? घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करारात म्हटले आहे. तुम्ही रविवार देता हे वाचून बरे वाटले. पण चार बायका बदलल्या म्हणजे चार वेळा कुणीतरी आईंची शरीरभाषा पहिल्यापासून शिकली. त्यांना दुखते तेव्हा त्या नेमके काय करतात, हे पहिल्या बाईंनी दुसरीला सांगितले होते का?

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे आभार. डॉक्टर येऊन गेले. त्वचा फाटलेली नाही, हवेची गादी आणि कूस बदलण्याचे वेळापत्रक सुचवले आहे. काल बाईंना न रागावता विचारले. डाग त्यांना दहा दिवसांपूर्वी दिसला होता. आधीच्या घरी असेच सांगितल्यावर ‘तुमच्याच हलगर्जीपणामुळे झाले’ म्हणून पगार कापला होता, असे त्या खाली मान घालून म्हणाल्या. आईला वळवताना पाठीत कळ येते, हेही तेव्हाच सांगितले.

वहीतला ‘सर्व ठीक’चा रकाना आम्ही दोघींनी मिळून खोडला. आता तिथे वेळ, कूस, त्वचा, किती खाल्ले, लघवी आणि ‘आज वेगळे काय दिसले’ असे रकाने आहेत. वळवण्यासाठी सरकती चादर मागवली आहे आणि ती कशी वापरायची हे परिचारिका बाई शनिवारी आम्हा दोघींना दाखवणार आहेत. शेवटच्या रकान्यात आज त्यांनी लिहिले आहे: ‘डाव्या कुशीवर वळवताना आजी ओठ दाबतात, उजवीकडे नाही.’ शस्त्रक्रिया डाव्याच खुब्याची झाली होती. सात महिन्यांत हे माझ्या लक्षात आले नव्हते. वेदनाशामक औषधाची वेळ आणि कूस बदलण्याची वेळ जुळवता येईल का, हे डॉक्टरांना विचारते आहे.