बीपीची डिसॅबिलिटी पेन्शन रिजेक्ट, फर्स्ट अपील पण गेलं, आता पुढे काय?

घरची_कारभारीण:
नमस्कार. आमचे मिस्टर आर्मीतून हवालदार म्हणून जुलै २०२२ ला घरी आले, २४ वर्षं सर्व्हिस. निघायच्या आधी जे रिलीज मेडिकल बोर्ड झालं त्यात बीपीला ३०% डिसॅबिलिटी, लाइफलाँग, असं लिहिलंय पण पुढे 'नाना' केलंय, म्हणजे आजार सर्व्हिसमुळे झाला नाही आणि सर्व्हिसमुळे वाढला पण नाही. झालं, क्लेम रिजेक्ट. मग फर्स्ट अपील केलं, ओळखीच्या एकाने एका पानाचा अर्ज टाइप करून दिला होता, ते पण आता फेटाळलं. भरतीला शेप वन, म्हणजे मेडिकली एकदम फिट होते हो, मग बीपी कुठून आलं? गावात एक जण म्हणतोय कागद माझ्याकडे द्या, एरियर्स येतील त्यातले ३०% माझे. मिस्टर म्हणतात जाऊ दे, चाललंय ना आपलं. मला जाऊ द्यायचं नाहीये. सेकंड अपील करू का डायरेक्ट कोर्टात?

पीटी_उस्ताद:
ताई सेकंड अपील म्हणजे नुसता टाइमपास, तेच उत्तर येतं फक्त लेटरहेड बदलतं. सरळ एएफटी, म्हणजे फौजींचं ट्रिब्युनल, आपल्याला मुंबई बेंच आहे. माझी शुगरची केस तिथेच सुटली. आणि त्या ३०% वाल्याला दारातूनच वाटेला लावा.

निवृत्त_सुभेदार:
उस्ताद, असं सरसकट सांगू नका. एएफटीच्या कायद्यात आहे की आधीचे उपाय वापरून झालेत का हे बघतात, सगळ्या बेंच सारख्या ताणत नाहीत पण आपण कशाला फट ठेवायची? फर्स्ट अपील फेटाळल्यापासून ६ महिन्यांत सेकंड अपील टाका, त्यावर ६ महिने काहीच उत्तर आलं नाही तरी एएफटीचा रस्ता मोकळा होतो. फायनल ऑर्डर आली तर तिथून पुढे ६ महिने. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो पण मग पहिली सुनावणी त्यातच जाते.

आता मुद्द्याचं. ताई, तुमच्याकडे मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग आहे का? एएफएमएसएफ-१६ म्हणतात त्याला. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका, बोर्डाची पूर्ण कॉपी आणि सगळ्या पोस्टिंगची यादी मागा. त्या फॉर्ममध्ये आजाराच्या नावासमोर हो-नाहीचे कॉलम असतात आणि बाजूला कारण लिहायची जागा, तिथे जे दोन ओळी खरडलेलं असतं ना त्यालाच अपीलमध्ये उत्तर द्यायचं असतं. बाकी काही नाही. आणि पहिल्या अर्जात काय लिहिलं होतं ते पण सांगा.

घरची_कारभारीण:
कॉपी निघाली हो, ट्रंकेत पासबुकांच्या खाली होती. कारणाच्या जागी इंग्लिशमध्ये 'ऑनसेट इन पीस स्टेशन' (म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगला सुरू झालं) आणि फील्ड, हाय अल्टिट्यूडशी संबंध नाही असं आहे. पण पोस्टिंग बघितलं तर त्याच्या आधी दोन वर्षं हे हाय अल्टिट्यूडला होते, खाली आल्यावर तिसऱ्याच महिन्यात बीपी सापडलं!! आणि पहिल्या अर्जात... वाचून मलाच लाज वाटली, घरची परिस्थिती बेताची आहे, मुलांची शिक्षणं चालू आहेत, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा एवढंच आहे.

निवृत्त_सुभेदार:
हेच होतं बघा. दहातले आठ अर्ज मी असेच बघितलेत, कमिटीला तुमच्या गरिबीशी घेणंदेणं नाही, आजाराचा सर्व्हिसशी संबंध दाखवलात तरच ते पुढे बघणार. मेडिकल ऑफिसर्ससाठी जी २००२ ची गाइड आहे त्यात हायपरटेन्शनचं वेगळं कलम आहे, फील्ड, हाय अल्टिट्यूड, सीआय ऑप्स (दहशतवादविरोधी कारवाया) मध्ये सुरू झालं असेल तर सर्व्हिसमुळे वाढलं असं धरतात. तुमचं सापडलं पीसला, पण सापडणं वेगळं आणि सुरू होणं वेगळं. बीपी काय वर्दी घालून सलाम ठोकून येतं का? वर असताना शेवटचं मेडिकल कधी झालं, त्यात रीडिंग काय होतं, ते शोधा.

कायद्याचं_बोला:
सुभेदार साहेबांच्या बोलण्यात भर घालतो. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल अर्जात टाकाच. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा फिट होता असं धरायचं, नंतर झालेला आजार सर्व्हिसमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं द्यायची. नुसतं पीस स्टेशन लिहिणं म्हणजे कारण नव्हे यावर भांडता येतं. जुलै २०२२ ला निघाले हे तुमच्या फायद्याचं आहे, कारण २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले, त्यानंतर निघालेल्यांचं गणित वेगळं.

पैशाचं म्हणाल तर १००% डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३०% असा हिशोब. समजा शेवटचा पगार ४०,००० धरला तर ३०% डिसॅबिलिटीला महिना ३,६०० आणि सुप्रीम कोर्टाच्या रामअवतार निकालाप्रमाणे (डिसेंबर २०१४) ३० चं ५० धरलं की ६,०००, वर महागाई रिलीफ. या ३० चं ५० धरण्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात, म्हणून अर्जात हा शब्द आत्ताच घाला, नाहीतर त्याच्यासाठी परत वेगळं भांडत बसाल. आणि लांबवू नका, उशिरा गेलेल्या बऱ्याच जणांना मागचे ३ वर्षांचेच एरियर्स मिळालेत.

तो ३०% वाला वकील असेल तर निकालातला हिस्सा मागणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, वकील नसेल तर तो करणार काय? पोस्टात टाकणार. ते तुम्ही पण टाकू शकता.

पीटी_उस्ताद:
बरं बाबा, चुकलं माझं, करा सेकंड अपील 😄 पण ताई रजिस्टर एडीनेच पाठवा, पावती जपा. माझी एक पावती उंदराने खाल्ली आणि चार महिने बोंब मारत फिरलो.

घरची_कारभारीण:
खूप आभार सगळ्यांचे. सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ड्राफ्ट दाखवून घेते. मिस्टरांना हाय अल्टिट्यूडचं वाचून दाखवलं तर म्हणाले वर असताना डोकं दुखायचं, डॉक्टर गोळी द्यायचे, कुठे नोंद केली का आठवत नाही. अजून एक, पत्रावर जी तारीख आहे त्याच्या २२ दिवसांनंतरचा शिक्का पाकिटावर आहे. ६ महिने कुठून मोजायचे?

निवृत्त_सुभेदार:
पत्रावरच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नाही. पाकीट फेकू नका, पत्राला मागून स्टेपल करा. आणि त्या गोळ्यांचं काय ते बघा, युनिटच्या एमआय रूमच्या (दवाखान्याच्या) स्लिपा ट्रंकेत असतील, फौजी माणूस कागद टाकत नाही.