मातीचा वासुदेव उभाच राहत नाही, काय करू?

अकोल्याची आई: लेक सातवीत आहे. सुट्टीत तिला मोबाइलवर स्टॉप-मोशन (पात्र जरा-जरा हलवून एकेक फोटो काढायचा नि ते जोडून फिल्म करायची) करायचंय आणि पात्र निवडलंय वासुदेव! डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, हातात चिपळ्या, अंगात घोळदार झगा. गणपतीतली शाडू उरली होती, तिचा केला तर वाळून कोपराला तडा गेला. मग रंगीत क्ले आणली. तिचे पाय इथल्या उन्हात दबतात नि बुवा पुढे कोसळतो. स्वस्तात काही उपाय?

तारवाला: ताई, शाडू पाण्यावर मऊ असते, वाळली की वाकवणं संपलं. तुमची दुसरी क्ले तेलावरची असेल तर बरोबर आहे. विल्यम हार्बट नावाच्या इंग्रज कलाशिक्षकाने १८९७ मध्ये प्लॅस्टिसिन ही अशीच तेलावरची माती केली, तीच मुळी विद्यार्थ्यांची माती वाळू नये म्हणून.

पण मुद्दा पायांचा. अंगात झगा आहे ना, मग पाय हवेत कशाला? जाड पुठ्ठ्याचा शंकू करा, तळाशी दोन-तीन मोठे लोखंडी वायसर चिकटवा, वरून मातीचा पातळ थर द्या. झाला झगा. त्यातून वर दीड मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून काढा (बोन्सायवाल्यांकडे मिळते). जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार नको, ती वाकवली की मागे येते. छातीला आणि दंडाला एम-सील लावा. खांदा, कोपर, मान मोकळी ठेवा. डोकं चुरगळलेल्या फॉइलवर माती लावून करा. टोपी मात्र कागदाचीच. मातीची केलीत तर मान झुकणारच.

पुणेरी_फ्रेम: शंकू केलात तर वासुदेव गिरकी कशी घेणार? गिरकीशिवाय वासुदेव म्हणजे नुसता टोपीवाला.

तारवाला: उलट सोपं जातं! अख्खा शंकूच फिरवायचा. सेकंदाला १२ फोटो धरले तर दर फोटोला ३० अंश, एका सेकंदात पूर्ण गिरकी. खाली कंपासमधला कोनमापक ठेवून कागदावर खुणा करून घ्या. झग्याची कड दर वेळी जराशी बाहेर ओढली की घोळ आला.

पुणेरी_फ्रेम: हे मान्य. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर उजेड फडफडतो. पांढऱ्या मातीला आधी हात लावा, निळ्या-लाल रंगाला नंतर. बोटं ओल्या फडक्याला पुसत राहा.

अकोल्याची आई: पाय नकोत हे डोक्यातच आलं नव्हतं! लेक मात्र टोपीला खरं मोरपीस लावायचंच म्हणून बसली आहे.

तारवाला: लावू दे एक. पण हवेने ते दर फोटोत वेगळं हलेल, म्हणजे पंखा-कूलर बंद ठेवावा लागेल. अकोल्यात दुपारी ते कुणाला जमायचं? रात्री जेवणं झाल्यावर, खिडकी लावून, एका दिव्यावर शूटिंग करा. माती जरा घट्ट राहील आणि उजेडही बदलणार नाही.