मदत हवी आहे: ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसताना ओरायन नेब्युलाचे फोटो, तारे लांबट येतायत

नमस्कार मंडळी, डीप स्काय फोटोग्राफीत (नेब्युला, गॅलेक्सी वगैरेंचे फोटो) अगदी नवखा आहे. क्रॉप सेन्सर डीएसएलआर, १३५ एमएमची लेन्स आणि साधा ट्रायपॉड, एवढंच सामान. ५०० च्या नियमाने (५०० ला फोकल लेंथ आणि क्रॉपच्या गुणाकाराने भागायचं, तेवढे सेकंद एक्स्पोजर) हिशोब केला तर १.५ क्रॉप धरून जेमतेम अडीच सेकंद मिळतात, पण तेवढ्यातही झूम करून बघितलं की तारे तांदळासारखे लांबट दिसतात. एम ४२ (म्हणजे ओरायन नेब्युलाच) खगोलीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तिथले तारे जास्त भरभर सरकतात हे कळतं, अँड्रोमेडा गॅलेक्सीला त्यामानाने थोडी सूट मिळते, मग आता एक्स्पोजर १ सेकंदावर आणून आयएसओ ३२०० करू आणि फ्रेम्सची संख्या भरपूर वाढवू, की सरळ ट्रॅकरसाठी पैसे साठवायला लागू?

दुसरं म्हणजे डीपस्कायस्टॅकर सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करून (सगळ्या फ्रेम्स एकत्र करून) स्ट्रेच केलं, म्हणजे अंधुक भाग उजळवला, की मधे उजेड आणि कोपरे काळे, वर सगळीकडे तपकिरी झाक. डार्क्स (सेन्सरचा नॉइज वजा करायला काढलेल्या काळ्या फ्रेम्स) घेतलेत, लेन्सला झाकण लावून, त्याच आयएसओ आणि एक्स्पोजरला. फ्लॅट्स (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो) नाही घेतले. कोपऱ्यांचा काळेपणा फ्लॅट्सनी जाईल असं वाटतंय, पण तपकिरी झाक बहुतेक लाइट पोल्युशनची असावी, ती सिरिल सॉफ्टवेअरमधल्या बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने (आकाशाची झाक वजा करणाऱ्या सोयीने) काढताना नेब्युलाचा बाहेरचा फिकट भागपण उडणार नाही ना?

आणि हो, फ्लॅट्स घेताना फोकस हलवायचा नाही म्हणतात, मग तुम्ही रात्रीच उरकता की लेन्सला टेप लावून सकाळी? नुसतं "ट्रॅकर घे" नका सांगू, ते कळतंय 😄 आहे त्या सामानात काय जमेल ते सांगा.