टर्बो बदलताना सोबत आणखी काय बदलावे?

प्रश्न: माझ्या पेट्रोल गाडीला मोठा टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवायचा आहे. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे), इंधन पंप, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), क्लच हे सगळे एकदम घेणे परवडणारे नाही. आधी काय घ्यावे?

उत्तर १: आधी इंधनाचे गणित करा. हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढले पाहिजे. पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोने हवेचा पूर्ण दाब दिल्यावर, मिश्रण पातळ झाले (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले), तर नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टनच जायचा. इंजेक्टरची ड्युटी सायकल (तो किती टक्के वेळ उघडा असतो ते) ८५ टक्क्यांच्या वर जात असेल तर मोठे इंजेक्टर घ्या, आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) ट्यूनिंगशिवाय गाडी दामटू नका. हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर ही चैन नव्हे.

उत्तर २: सहमत, पण ऑइलच्या नळ्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. टर्बोतले ऑइल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली परतते, त्यामुळे परतीची नळी रुंद, उताराची आणि कुठेही न मुरडलेली हवी. ती तुंबली की ऑइल सीलमधून बाहेर पडते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि नव्या टर्बोला उगाच दोष मिळतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग क्लच नंतर घेतला तर चालेल का?

उत्तर १: चालेल. वरच्या गिअरमध्ये वेग न वाढता नुसताच आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) चढू लागला, तर क्लच घसरतो आहे असे समजा आणि नवा बसेपर्यंत बूस्ट कमी ठेवा.