नवा प्रोसेसर, नवं कार्ड, तरी एफपीएस जिथल्या तिथे

फ्रेमवेडा:
आधी रायझन ५ २६००, जीटीएक्स १०६० (६ जीबी), बी४५० मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० स्टिक होत्या. आता बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ७ ५७००एक्स बसवला, आरटीएक्स ४०६० घातलं आणि दुसऱ्या कंपनीच्या ८-८ जीबीच्या आणखी दोन ३२०० स्टिक लावून रॅम ३२ जीबी केली. कूलर २६०० सोबतचाच आहे.

१०८०पी, हाय सेटिंग. मोठं शहर असलेल्या ओपन-वर्ल्ड गेममध्ये गर्दीच्या भागात ४८ ते ६२ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम). जुन्या कार्डावर मीडियमला जवळपास एवढेच मिळायचे. कार्डाचा वापर ५०-५५ टक्के, तापमान ५८ अंश. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे तोही मोकळाच. मॉनिटरची केबल कार्डालाच आहे, व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद. विंडोज नव्याने टाकावं का?

ड्रायव्हरदादा:
आधी सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून पुसणारं टूल) चालवून जुना ड्रायव्हर पुसा आणि नवा टाका. तरी फरक पडला नाही तर सरळ फॉरमॅट मारा.

रॅमबाण:
फॉरमॅटची घाई नको. दोन्ही कार्डं एनव्हिडियाची आहेत, त्यामुळे ड्रायव्हर टाकताना ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर टिक केली तरी भागतं. कंपनीच बदलली असती तर डीडीयू चालवणं बरं.

प्रोसेसर मोकळा आहे हा निष्कर्षही चुकतोय. ५७००एक्सला १६ थ्रेड (एकाच वेळी कामं चालवायच्या वाटा) आहेत. गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचे सव्वासहा टक्केच दिसतात. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफवर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, मग खरं चित्र दिसेल. आणखी एक सोपी चाचणी: त्याच जागी उभं राहून रिझोल्यूशन ७२०पी करा. एफपीएस हलले नाहीत तर कार्ड निर्दोष. अडत असेल तर प्रोसेसर किंवा रॅम.

माझा संशय रॅमवर. बायोस अपडेट केलं की बहुतेक बोर्डांवर सगळी सेटिंग मूळपदावर येतात, त्यात एक्सएमपीही (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) बंद होतं. मग ३२०० ची रॅम गुपचूप २१३३ किंवा २४०० वर चालते, आणि मशीन व्यवस्थित सुरू होत असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. रायझनवर हा फटका दुहेरी बसतो, कारण इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या वाटेचा) वेग रॅमला बांधलेला असतो: ३२०० ला १६००, २१३३ ला जेमतेम १०६६ मेगाहर्ट्झ. सीपीयू-झेड (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं टूल) उघडून मेमरी टॅबमध्ये ‘डीरॅम फ्रीक्वेन्सी’ बघा. तिथे निम्मा आकडा दिसतो, म्हणजे ३२०० साठी १६०० यायला हवा.

बोर्डबाबा:
रॅमबाण यांच्याशी सहमत. त्यात थोडी भर.

४०६० ला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या) आठच लेन आहेत आणि बी४५० वर त्या ३.० च्या वेगाने चालतात. एवढ्याने एफपीएस निम्मे होत नाहीत. मात्र कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की उरलेलं टेक्स्चर याच वाटेने रॅममधून येतं आणि गेम झटके खातो. तेव्हा टेक्स्चर एक पायरी खाली आणा. जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं टूल) ‘बस इंटरफेस’ बघताना शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून रेंडर टेस्ट लावा, कारण कार्ड रिकामं असताना तिथे १.१ दिसतं आणि लोक विनाकारण घाबरतात. लोडवर x८ ३.० दिसलं की ठीक. x४ किंवा x१ आलं तर कार्ड काढून पुन्हा नीट बसवा.

कूलर लहान आहे. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान त्याला टेकलेलं दिसलं तर क्लॉक (प्रोसेसरचा वेग) थोडा उतरत असणार, पण तेवढ्याने अशी अवस्था होणार नाही.

फ्रेमवेडा:
७२०पी ला एफपीएस तेवढेच. एक थ्रेड सतत ९५ टक्क्यांच्या पुढे. सीपीयू-झेडमध्ये १०६६. एक्सएमपी चालू केलं तर स्क्रीन काळी, दोन-तीनदा आपोआप रिस्टार्ट होऊन पुन्हा २१३३. लेन x८ ३.०, प्रोसेसरचं तापमान ८४.

रॅमबाण:
अपेक्षितच होतं. चार स्टिकवर ३२०० ची हमी एएमडीही देत नाही, आणि तुमचे दोन संच वेगळ्या कंपन्यांचे. एक्सएमपी चालू ठेवून फ्रीक्वेन्सी तेवढी हाताने २९३३ करा, व्होल्टेज १.३५ आहे ना बघा, कमांड रेट (रॅमची एक टायमिंग सेटिंग) २टी. सुरू झालं की मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं टूल) पूर्ण चालू द्या. एक जरी एरर आली तरी २६६६ वर या. नाहीतर एकच संच प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावून ३२०० वर चालवा. ३२ जीबीची खरी गरज नसेल तर मी हाच मार्ग धरेन.

फ्रेमवेडा:
२९३३ वर चालू झालं, मेमटेस्ट स्वच्छ. त्याच जागी आता ६८ ते ८२, कार्डाचा वापर ७५ च्या आसपास. उरलेले २५ टक्के?

बोर्डबाबा:
ते बहुतांशी गेमच्या मुख्य थ्रेडचे. गर्दीची घनता आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब) हे दोन्ही प्रोसेसरलाही जड जातात, ते उतरवलं तर एफपीएस वाढतील. उलट सावल्यांचा दर्जा किंवा अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) वाढवलंत तर रिकाम्या कार्डाला काम मिळेल आणि एफपीएस फारसे पडणार नाहीत.

रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) तपासा, अपडेटमध्ये तेही बंद झालेलं असू शकतं. त्यासाठी ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद लागतं. पण विंडोजची डिस्क एमबीआर (जुनी डिस्क-मांडणी) असेल तर सीएसएम बंद करताच विंडोज सुरू होणार नाही. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमधला ‘व्हॉल्यूम्स’ टॅब बघा. एमबीआर दिसलं तर बॅकअप घेऊन विंडोजच्या एमबीआर२जीपीटी टूलने ती जीपीटी या नव्या मांडणीत बदला, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा.