सरकारी दवाखान्यातली नासाडी : डोळ्यांनी पाहिलेलं लिहा (नागपूर आणि आसपास)

धागाकर्ता

नागपुरात 'मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) नेलं' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. गडचिरोली, गोंदिया, तिकडून छिंदवाडा, बालाघाट, कुठलाही माणूस शेवटी मेडिकलमध्ये नाहीतर मेयोत, म्हणजे इथल्या दुसऱ्या सरकारी कॉलेजच्या दवाखान्यात, येऊन पडतो. आणि सरकारी दवाखान्यांबद्दल एकाच दमात दोन गोष्टी ऐकू येतात : 'औषध नाही, बाहेरून आणा' आणि 'खोकेच्या खोके फेकले म्हणे'. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं, हे मला समजून घ्यायचं आहे.

काम केलेले, उपचार घेतलेले, रात्री खाटेखाली झोपलेले, सगळ्यांनी लिहा. ऐकीव नको. संस्थेचं आणि माणसाचं नाव नको. 'सगळे चोर आहेत' एवढंच म्हणायचं असेल तर त्यासाठी तर्री-पोह्याचा ठेला आहे.

माझं थोडक्यात. वडील गेले तेव्हा डायलिसिससाठी बाहेरून घेतलेली, रक्त वाढवायची इंजेक्शनं घरच्या फ्रिजमध्ये सीलबंद उरली होती. युनिटमध्ये घेऊन गेलो, म्हटलं कुणाला तरी द्या. घेतली नाहीत. मध्ये लाइट गेली होती का, थंडपणा टिकला का, याची हमी कोण देणार? त्यांचं बरोबर होतं. पण ती इंजेक्शनं शेवटी वायाच गेली. रुग्णाच्या खिशातून झालेली ही नासाडी कुठल्या ऑडिटमध्ये येत असेल असं वाटत नाही.

निवृत्त सिस्टर

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इंचार्ज सिस्टरच्या कपाटात आहे.

शंभरचं इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे लेखी मागणी, टाकलं की स्टोअरमधून चाळीस मिळतात. हे एकदा कळलं की पुढच्या वेळी कोणीही अडीचशेचं टाकतं. स्टोअरवाल्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो आणखी कापतो. मग एखाद्या दिवशी, बहुतेक फेब्रुवारी-मार्चात, खरोखरच अडीचशे येऊन पडतात. परत करायची सोय नाही, कारण परत केले की 'तुम्हाला लागत नाही' म्हणून पुढचं इंडेंट कापलं जाणार. माल कपाटात जातो, कुलूप लागतं. रात्रपाळीच्या पोरीकडे त्या कपाटाची किल्ली नसते. ती रात्री दोन वाजता नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी देते. आत माल आहे आणि बाहेर चिठ्ठी आहे, बस एवढंच. यात कोणी पैसे खाल्लेले नाहीत.

दुसरं हातमोज्यांचं. निर्जंतुक मोजे साडेसहा, सात, साडेसात अशा मापांत येतात. एकदा सगळा लॉट साडेसातचा आला. आमच्याकडच्या बहुतेक डॉक्टर पोरींचे हात साडेसहाचे. मोठ्या मोज्याचं रबर बोटांच्या टोकाशी लोंबतं आणि टाका बांधताना गाठीत सापडतं. मग तो जोड फेकायचा, दुसरा फोडायचा, तोही तसलाच. शेवटी एक जण कंटाळून लेबर रूमबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याला साडेसहाचे मोजे आणायला पिटाळायची. कागदावर आमच्याकडे मोज्यांचा 'मुबलक साठा' होता. मागणीपत्रात नग विचारतात, माप लिहायला रकाना नव्हता.

आणि चार्ज देणं-घेणं. बदली झाली की एकेक पट्टी मोजून द्यावी लागते. मुदत संपलेलं निघालं तर घेणारी सही करत नाही, देणारी अडकते. म्हणून मुदत संपायच्या आधीच्या महिन्यात वॉर्डावॉर्डांत अचानक उदारपणा येतो. पाय मुरगळलेल्यालाही जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात.

काटोलवाला

माह्या भावाचं मांडीचं हाड मोडलं होतं. आपरेशनच्या आधी चिठ्ठी देल्ली, लांबलचक. टाके, मोजे, सलाईनचे सेट, कापूस, पट्ट्या, सारं. उसने पैसे घेऊन समोरच्या दुकानातून आनलं. आपरेशन झाल्यावर इचारलं, उरलं काय? त म्हने, संपलं. आता तेवढ्या पट्ट्या खरंच लागल्या असत्या त भाऊ गुंडाळलेल्या गाठोड्यावानी बाहेर आला असता.

चोरलं असं मी नाही म्हनत. बाजूच्या खाटेवर गडचिरोलीकडची बाई होती, तिच्यापाशी चहाले पैसे नव्हते. तिचंही आपरेशन झालंच ना? मंग तिले कोनाचं सामान लागलं? माह्या भावाचंच लागलं असंल. लागू द्या, पुन्यच आहे. पन हे पुन्य सरकारच्या खात्यातून व्हावं का काटोलच्या शेतकऱ्याच्या?

माजी निवासी डॉक्टर

काटोलवाले, तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे. उरलेलं सामान ऑपरेशन थिएटरमधल्या एका ट्रेमध्ये जमतं आणि रात्री 'अननोन' पेशंट आला, म्हणजे रस्त्यावर सापडलेला, नाव-गाव नसलेला, की तेच निघतं. त्या ट्रेने जीव वाचलेले मी पाहिले आहेत. तो ट्रे कुठल्याच नोंदवहीत नसतो.

कॅज्युअल्टीत रक्त गेलेल्या माणसाच्या शिरा सापडत नाहीत, तीन-तीन कॅन्युला (सलाईन लावायच्या सुया) वाया जातात. याला कोणी नासाडी म्हणालं तर मी भांडेन. तपासण्यांबद्दल मात्र बोला. तालुक्याहून सकाळचे रिपोर्ट घेऊन पेशंट येतो, संध्याकाळी सगळं रक्त पुन्हा काढलं जातं. कारण जुन्या रिपोर्टवर विसंबून काही बिघडलं तर सही माझी असते.

गोळीवाला (औषधनिर्माता, ग्रामीण)

सिस्टरांनी वॉर्डाचं सांगितलं, मी त्याच्या वरच्या मजल्याचं सांगतो.

एकट्या नागपुरात सरकारी दवाखान्यांचे मालक किती आहेत बघा. मेडिकल, मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाचे. डागा हे बायकांचं रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. शहरातले छोटे दवाखाने महापालिकेचे. खेड्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. मिहानमधलं एम्स केंद्राचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट सगळं मोफत झालं तो निर्णयसुद्धा सार्वजनिक आरोग्य विभागापुरता होता, त्यामुळे लोक मेडिकलच्या खिडकीवर येऊन भांडायचे. तर या एका मालकाकडे मुदत संपत आलेला माल पडला आहे आणि दोन चौक पलीकडे दुसऱ्या मालकाकडे तेच औषध नाही, असं झालं तर? फोनवर अर्ध्या मिनिटात ठरतं. कागदावर दोन विभागांची परवानगी, खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते हिशेबशीर्ष, वाहनाचं डिझेल कोणी भरायचं, एवढं होईपर्यंत मुदत संपते. एकाच विभागात मात्र ई-औषधी प्रणालीमुळे फरक पडला आहे. कोणाकडे काय आणि कधीपर्यंतचं, ते निदान पडद्यावर दिसतं. ज्याची मुदत आधी संपते ते आधी काढा, हा नियम रॅकवर पाळला जात नाही, कारण हमाल नवे खोके दाराशीच टेकवतो आणि जुने भिंतीकडे राहतात.

२०१७ पासून राज्याची मोठी खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती, २०२३ मध्ये त्यासाठी कायद्याने वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. खरेदी कोणीही करो, मागणीचा आकडा खालून जातो, आणि तो बऱ्याचदा 'मागील वर्षाचा अधिक दहा टक्के' असा जातो. मागच्या वर्षी औषध सहा महिने नव्हतंच, तर मागच्या वर्षीचा वापर कमीच दिसणार ना! टंचाई अशी दरवर्षी आपोआप पुढे सरकते. उलट ज्याचा साठा उगाच वाटून संपवला, त्याची मागणी वाढलेली दिसते.

एक चांगलंही सांगू द्या. कुत्रा चावल्यावरची लस स्नायूत दिली तर दर वेळी पूर्ण कुपी, आणि पाच वेळा. कातडीत दिली तर ०.१ मिली दोन्ही दंडांत, चारदा. एक मिलीच्या कुपीत पाच जण बसतात. अट एकच, कुपी फोडली की सहा-आठ तासांत संपवायची. म्हणून आम्ही सगळ्यांना सकाळी एकाच वेळेला बोलवायचो. ज्या केंद्रावर 'केव्हाही या' असतं, तिथे दिवसाच्या शेवटी अर्धवट उरलेल्या कुप्या टाकाव्या लागतात.

यंत्रवाला

बायोमेडिकलमध्ये होतो, म्हणजे यंत्रांच्या देखभालीत. ३१ मार्चला निधी परत जातो, म्हणून फेब्रुवारीत जे दरकरारावर, म्हणजे आधीच ठरलेल्या दरावर, तयार असतं ते घेतात. जे हवं असतं ते जूनमध्ये आठवतं.

यंत्र आलं की खोली नसते. खोली असली तर थ्री-फेज जोडणी नसते. तोवर लाकडी पेटी कॉरिडॉरमध्ये. एका पेटीवर रुग्णांचे नातेवाईक डबे ठेवून जेवायचे, आत रक्ततपासणीचं यंत्र होतं. बसवेपर्यंत हमीच्या काळातला मोठा तुकडा संपलेला. नागपूरचा मे महिना वेगळाच, ४५ अंशांत खोलीचा एसी बंद पडला की मागोमाग यूपीएसच्या बॅटऱ्या जातात.

सगळ्यात महागडा प्रकार म्हणजे फुकट मिळालेलं यंत्र. अशी बरीच यंत्रं त्याच कंपनीच्या रसायनांवर चालतात, दुसरी चालत नाहीत. दान एकदाच, रसायनं कायमची. रसायनांना निधी आला तेव्हा यंत्र बंद, यंत्र दुरुस्त झालं तेव्हा रसायनांची मुदत संपलेली. हा खेळ मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आणि निर्लेखन. मेलेलं यंत्र जडसंग्रह नोंदवहीतून (दवाखान्याच्या यंत्रं-सामानाच्या यादीतून) काढायची फाइल इतकी हळू चालते की तोवर ते कागदावर जिवंतच असतं. नवं मागितलं की वरून विचारणा : 'आपणाकडे एक उपलब्ध असताना दुसऱ्याची आवश्यकता काय?'

रक्तपेढीतली

नेत्यांचे वाढदिवस, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी. त्या दिवशी इतक्या पिशव्या येतात की ठेवायला जागा नसते. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, तेही सतत हलवत ठेवून. तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस. मग मे महिन्यात कॉलेजची मुलं गावी गेली की फ्रिज रिकामा. आपल्याकडे सिकलसेल आणि थॅलेसेमियाची लेकरं आहेत, त्यांना रक्त तारखेवर लागतं, जयंतीवर नाही. आयोजकांना 'यंदा तीन आठवडे उशिरा घ्या' म्हटलं की त्यांना राग येतो. फ्लेक्स छापून झालेले असतात.

आशाताई

बीसीजीची, म्हणजे बाळाच्या क्षयरोगाच्या लसीची, कुपी दहा डोसांची, कालवली की चार तासांत संपवायची. गावात त्या दिवशी एकच बाळ असलं तरी फोडावी, असंच आम्हाला शिकवलंय, आणि ते बरोबर आहे. बाळ परत पाठवलं तर ते पुन्हा येत नाही. त्या नऊ डोसांवर कोणी बोलू नये.

बोलायचं तर लोहाच्या गोळ्यांवर बोला. गरोदरपणात १८० गोळ्या देतो. पोट धरतं, शौच काळी होते, सासू म्हणते बंद कर. गोळ्या फडताळात डब्यामागे. माझ्या वहीत 'वाटप पूर्ण'.

वाचक

नाव न घेता, पण नोंदीवर असलेलं चालेल ना? २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी बनावट अँटिबायोटिकच्या प्रकरणात आरोपपत्र दाखल केलं. सरकारी रुग्णालयांना गेलेल्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं, असं त्यात म्हटलं होतं. हे नासाडीत धरायचं की कशात?

निवृत्त सिस्टर

गोळी वाटली गेली, नोंद झाली, साठा शून्य झाला. आशाताईंच्या वहीसारखंच. कागदावर यात काहीच वाया गेलेलं नाही, तीच तर पंचाईत.

संत्रा मार्केट

वाचून डोकं फिरलं. सामान्य माणसाने करायचं काय? माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता एकदा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'मुदतबाह्य औषधांची माहिती द्यावी' असं लिहिलं. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, तक्रार नाही. उत्तर होतं 'निरंक'.

गोळीवाला

निरंकच येणार. मुदतबाह्य औषधं पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जाळायला जातात, आणि 'मुदतबाह्य' अशी वेगळी यादी बऱ्याच ठिकाणी ठेवलेलीच नसते. जे रेकॉर्ड अस्तित्वात आहे तेच मागा. पुरवठ्याच्या चलनांच्या, म्हणजे मालासोबत येणाऱ्या कागदांच्या, प्रती मागा. चलनावर मिळाल्याची तारीख आणि बॅचची मुदत दोन्ही असतात. तीन-चार महिने मुदत उरलेला माल किती स्वीकारला, ते तुम्हाला घरी बसून मोजता येईल. सोबत त्याच काळातल्या 'उपलब्ध नाही' शेऱ्याच्या इंडेंटच्या प्रती.

यंत्रवाला

आणि जडसंग्रह नोंदवहीचा उतारा, निर्लेखनासाठी प्रलंबित प्रस्तावांसह. एका वर्षाचाच मागा, नाहीतर 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' म्हणून परत येतो.

धागाकर्ता

प्रतीला पानामागे दोन रुपये लागतात, ते आपण वाटून घेऊ. या तीन मुद्द्यांवर अर्जाचा मसुदा करून इथेच टाकतो. सिस्टर, इंडेंटच्या वहीला तुमच्याकडे नेमकं काय नाव होतं ते तेवढं लिहा, म्हणजे 'अशी वही नाही' असं उत्तर यायला नको.