मदत हवी आहे: मानसशास्त्रावर आधारित कोचिंग घ्यायचंय, कोच कसा पारखायचा?

वय ४१, पुण्यात नोकरी, तशी तक्रार काही नाही. पण पुढची दहा वर्षं कशासाठी घालवायची हे ठरवता येत नाहीये. नैराश्य वगैरे नाही, मानसोपचारतज्ज्ञांना आधीच दाखवून झालंय, त्यामुळे तो सल्ला नको.

आतापर्यंत केलेलं: व्हीआयए चाचणी दिली, म्हणजे स्वभावातल्या २४ चांगल्या गुणांपैकी आपले ठळक कोणते ते सांगणारी प्रश्नावली. पहिला गुण ‘कुतूहल’ आला, पण त्याचं करायचं काय हे कोणी सांगितलं नाही. मग मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीप्रमाणे घटना, त्यावरचा माझा समज आणि परिणाम असे तीन रकाने वहीत आखले. रागावर उपयोग झाला, दिशेवर नाही. एका कोचकडे तीन सेशन केली. दर वेळी ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ अहो, तेच तर विचारायला आले होते!

आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, कोच मात्र कोणीही म्हणवून घेऊ शकतो. आयसीएफ या आंतरराष्ट्रीय कोचिंग संघटनेचं एसीसी, पीसीसी अशा पातळ्यांचं प्रमाणपत्र असतं, पण ते कोचिंगच्या कौशल्याचं, मानसशास्त्राच्या शिक्षणाचं नव्हे.

बजेट सेशनला दीड हजार, वेळ संध्याकाळी सातनंतर, ऑनलाइन चालेल. बोलणं मराठीतच हवं, इंग्रजीत मी उगाच शहाण्यासारखी उत्तरं देते.

ध्येयं नव्हे, आधी मूल्यं शोधून मग आठवड्याचं वेळापत्रक त्यावर बेतणारं असं काम कोणी प्रत्यक्ष केलंय का? आणि पहिल्या फोनवर नेमके कोणते दोन-तीन प्रश्न विचारले की समोरच्याला खरंच मानसशास्त्र येतं का ते कळेल?